चाळिशीनंतर हार्मोन्स बदलतात तेव्हा: लक्षणं ओळखून डॉक्टरांपर्यंत नीट कसं पोहोचायचं

दोन वर्षांत मी चार डॉक्टरांकडे गेले. सकाळी बोटं आणि गुडघे आखडायचे म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे, छातीत धडधडायचं म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे, झोप उडाली म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि केस गळायचे म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे. प्रत्येकाने आपापल्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल आले आणि मी दर वेळी आधीपेक्षा जास्त गोंधळून घरी आले. पाळी मागेपुढे होते आहे, हे मी चौघांपैकी एकालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. त्याचा सांध्यांशी किंवा धडधडीशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी सगळं एका बैठकीत ऐकून घेतलं आणि रजोनिवृत्तीच्या आधीचा काळ सुरू झाल्याचं सांगितलं. डोक्यावरचं ओझं उतरलं. पण त्यानंतर मी उलटी चूक केली. जे काही होईल ते ‘पाळी जायची वेळ आली’ या एकाच खात्यावर मांडायला लागले. जिना चढताना दम लागायचा, तोही त्याच खात्यावर. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ होतं. महिनोन्‌महिने अंगावरून जास्त जात होतं आणि मी ते वयावर ढकलत बसले होते.

या दोन्ही चुकांत माझा वेळ गेला, तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं घ्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यासमोर बसेपर्यंत काय करायचं, काय विचारायचं आणि कुठे फसायचं नाही, एवढं मी सांगू शकते.

१. आधी नेमकं काय बदलतं ते समजून घ्या

‘हार्मोन्स बिघडलेत’ असं आपण सहज म्हणून जातो, पण त्यावरून कुणालाच काही कळत नाही. थायरॉईडचं हार्मोन वेगळं, इन्सुलिन वेगळं आणि बीजांडकोशातून येणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन वेगळी. चाळिशीनंतर मुख्य उलथापालथ होते ती या शेवटच्या दोघांची.

बीजांडकोशातला बीजांचा साठा संपत येतो तशी काही महिने बीज बाहेरच पडत नाही. बीज बाहेर पडलं तरच त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन पुरेसं तयार होतं. ते नसलं की गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढत राहतं आणि शेवटी एकदम, खूप सुटतं. म्हणून या वयात पाळी आधी लांबते आणि मग धो धो येते.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. इस्ट्रोजेन उतारावरून घसरावं तसं सावकाश कमी होत नाही. ते वरखाली उसळतं. एखाद्या महिन्यात तरुणपणीपेक्षाही जास्त असतं, तेव्हा स्तन दुखतात, डोकं ठणकतं, अंगावरून जास्त जातं. पुढच्याच महिन्यात ते पार खाली जातं, तेव्हा अंगातून गरम वाफा निघतात आणि घामाने उशी भिजते. ‘मागच्या महिन्यात वेगळंच होत होतं, या महिन्यात वेगळंच’ असं वाटत असेल, तर तो तुमचा भ्रम नाही.

आता दोन शब्द समजून घ्या. पाळी अनियमित व्हायला लागते तिथपासून ती कायमची थांबल्यानंतरच्या पहिल्या वर्षापर्यंतचा काळ म्हणजे पेरिमेनोपॉज. तो साधारण ४ वर्षं चालतो, काहींना ८ वर्षंही. सलग १२ महिने पाळी आली नाही की मागे वळून म्हणायचं, रजोनिवृत्ती झाली. ती बहुतेकींना ४५ ते ५५ या वयात येते. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर ते लवकर वय झाल्याचं लक्षण समजून गप्प बसायचं नाही. तो वेगळा आजार धरला जातो, त्याला वेगळ्या तपासण्या आणि उपचार लागतात.

गर्भपिशवी काढलेली असेल आणि बीजांडकोश ठेवलेले असतील, तर पाळी नाही पण हार्मोन्सचे चढउतार होणारच. अशा वेळी फक्त लक्षणांवरून अंदाज घ्यावा लागतो. दोन्ही बीजांडकोशही काढले असतील, तर रजोनिवृत्ती त्या दिवशीच झाली, आणि लक्षणं एकदम व जोरात येतात. अशांनी थांबून वाट बघण्यात अर्थ नाही, लगेच डॉक्टरांशी बोलावं.

२. तीन महिने वही ठेवा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. फोनमधलं ॲप चालेल, भिंतीवरचं कॅलेंडर चालेल. मी साधी वही वापरते, कारण रात्री ३ वाजता फोन हातात घेतला की उरलीसुरली झोपही जाते.

रोज एकच ओळ लिहायची. त्यात एवढं असावं:

- पाळीचा कितवा दिवस, रक्तस्राव किती, गाठी पडल्या का, किती पॅड लागले
- गरम वाफा किती वेळा, दिवसा की रात्री
- झोप किती तास, कितीदा जाग आली, कशामुळे
- मन कसं होतं: चिडचिड, रडू येणं, धास्ती, काही नाही
- कुठे दुखलं, कधी धडधडलं, तेव्हा काय करत होते
- नवीन औषध किंवा गोळी सुरू केली असेल तर ती

माझ्या वहीतल्या दोन ओळी अशा आहेत. ‘दिवस ३, दर दोन तासांनी पॅड, दोन मोठ्या गाठी, चक्कर, झोप ६ तास.’ ‘दिवस ४१, पाळी नाही, रात्री ४ वेळा घामाने जाग, सकाळी बोटं आखडलेली, पाऊण तासाने सैल, दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.’ डॉक्टरांनी या ओळी वाचल्या आणि दहा मिनिटांत तो मुद्दा निघाला, जो मला दोन वर्षांत सांगता आला नव्हता.

पाळीचे दिवस मोजताना खूप जणी चुकतात. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. पाळी संपल्यापासून मोजलं तर २८ दिवसांचं चक्र २२-२३ दिवसांचं दिसतं आणि सगळा हिशोब बिघडतो. दोन लागोपाठच्या चक्रांत ७ किंवा जास्त दिवसांचा फरक पडतो आणि असं पुन्हापुन्हा होतं, तेव्हा बदलाचा काळ सुरू झाला असं डॉक्टर धरतात. ६० दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडायला लागला की शेवटचा टप्पा जवळ आला.

पहिले दहा-पंधरा दिवस लिहून सोडून द्यावंसं वाटेल, कारण काहीच आकार दिसत नाही. आकार दिसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. माझी चिडचिड पाळीच्या आधीच्या आठवड्यात दाटून येते आणि पाळी सुरू झाली की एका दिवसात विरते, हे मला वहीनेच दाखवलं. त्याआधी मला वाटायचं की माझा स्वभावच बिघडला.

अपवाद एकच. पाचव्या पायरीत दिलेल्या गोष्टींपैकी काही होत असेल, तर तीन महिने वही भरत बसू नका.

३. कोणती लक्षणं या काळाची असू शकतात

गरम वाफा सगळ्यांना माहीत असतात. छातीपासून मानेवर, चेहऱ्यावर उष्णता चढते, घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. साधारण १ ते ५ मिनिटं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारी जागा आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की ती इतकी हळवी होते की तापमान अगदी थोडं वाढलं तरी ती शरीराला थंड करायला धावते. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘स्वॉन’ या मोठ्या अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांमध्ये हा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त टिकल्याचं दिसलं. ‘वर्षभर सोसा, आपोआप जाईल’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा लक्षात ठेवा.

माहीत नसलेली लक्षणं जास्त छळतात. सांधे आखडणं. निवांत बसलेलं असताना धडधडणं. शब्द जिभेवर असून न सुचणं, खोलीत कशाला आले ते विसरणं. पहाटे ३-४ वाजता जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं. त्वचा कोरडी होणं, अंगाला खाज, डोळे कोरडे. पोटाभोवती वजन वाढणं. ज्यांना आधी पाळीपूर्वी मन फार खाली जायचं किंवा बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं, त्यांना या काळात मनाचा त्रास जास्त होण्याची शक्यता असते, तेव्हा तो इतिहास डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

आणि ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते: योनीमार्गातला कोरडेपणा, जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं, इच्छा कमी होणं, लघवीला वरचेवर लागणं, खोकताना थेंब सुटणं, मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हापुन्हा होणं. वाफा काही वर्षांनी बहुतेकींच्या कमी होतात. हा कोरडेपणा मात्र आपोआप कमी होत नाही, उपचार केला नाही तर वाढत जातो. यावर सोपे आणि चांगले उपचार आहेत. लाजेपायी दहा-दहा वर्षं हे सोसणाऱ्या बायका मला माहीत आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

ही सगळी लक्षणं प्रत्येकीला येत नाहीत. काहींची पाळी फारसा त्रास न होता जाते. त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका, आणि त्रास न होणाऱ्यांनी त्रास होणाऱ्यांना ‘आम्हाला नाही बाई काही झालं’ असं म्हणू नये.

४. ‘हे वयाचंच’ म्हणण्याआधी दुसरी कारणं तपासा

माझी खरी चूक इथे झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रक्त कमी होणं. पाळी जास्त जायला लागली की लोह संपतं. थकवा, धडधड, दम लागणं, केस गळणं, लक्ष न लागणं: ही यादी पेरिमेनोपॉजच्या यादीशी जवळजवळ जुळते. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. पण हिमोग्लोबिन घसरण्याच्या कितीतरी आधी लोहाचा साठा रिकामा झालेला असतो, तो फेरिटिनच्या तपासणीत दिसतो. म्हणून फक्त हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिनबद्दल विचारा. आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या तरी रक्त जातंय कुठून, हा प्रश्न सुटलेला नसतो.

थायरॉईड. तो मंदावला तर वजन वाढतं, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतं, पाळी जास्त जाते, मन उदास होतं. तो जास्त चालला तर घाम, धडधड, चिडचिड, हात थरथरणं, वजन घटणं. म्हणजे दोन्ही बाजूंनी गोंधळ. टीएसएच ही साधी रक्ततपासणी पुरते. इथे एक सापळा आहे. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी त्या बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

रक्तातली साखर. थकवा, वारंवार लघवी, योनीमार्गात पुन्हापुन्हा बुरशीचा संसर्ग. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे त्याच्या उंबरठ्यावर. लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, म्हणून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवा.

बी-१२ कमी असलं की हातापायांना मुंग्या येतात आणि विसरायला होतं. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास रजोनिवृत्तीनंतर वाढतो, सकाळी डोकं दुखत असेल आणि आठ तास झोपूनही झोप पुरत नसेल तर तो तपासून घ्यावा. सकाळी तासाभराहून जास्त वेळ सांधे आखडत असतील किंवा सुजत असतील, तर संधिवाताची तपासणी हवी.

आणि गरोदरपणा. पाळी चुकली की या वयात सगळ्यात आधी पाळी जायची आठवण होते. पण बीज अधूनमधून बाहेर पडत असतं. शेवटची पाळी पन्नाशीनंतर झाली असेल तर पुढे १ वर्ष आणि पन्नाशीच्या आत झाली असेल तर २ वर्षं गर्भनिरोधक चालू ठेवावं, असा सर्वसाधारण नियम आहे.

५. या गोष्टींसाठी थांबायचं नाही

सलग १२ महिने पाळी थांबल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी डॉक्टरांकडे जायचं. ‘परत पाळी आली वाटतं’ असं म्हणून सोडायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असते आणि लवकर सापडला तर तो चांगला बरा होतो.

पाळी अजून चालू असेल तर हे पाहा: तासाला एक पॅड भिजतोय आणि दोन-तीन तास तसंच चाललंय, मोठ्या गाठी पडताहेत, रक्तस्राव ७ दिवसांहून जास्त चालतोय, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधांनंतर रक्त जातंय. अशा वेळी डॉक्टर सोनोग्राफी करतात, आणि ४५ च्या पुढे असाल तर गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला सांगतात. त्याला घाबरून टाळू नका. थोडा वेळ कळ येते, पण जे कळायला हवं ते कळतं.

छातीत दुखणं, जबडा, पाठ किंवा हातात दुखणं, दम लागणं आणि घाम एकत्र आले तर तो हार्मोनचा घाम समजायचा नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं. स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका पुष्कळदा अशाच आडवळणी लक्षणांनी येतो. स्तनात गाठ लागली, निपलमधून रक्त आलं, विनाकारण वजन उतरायला लागलं तर त्याच आठवड्यात दाखवा. जगणं नको वाटायला लागलं, स्वतःला इजा करावीशी वाटली तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. तोही शरीराचाच आजार आहे आणि त्यावर उपचार आहे.

६. तपासण्या: कोणत्या लागतात, कोणत्या लागत नाहीत

‘संपूर्ण हार्मोन पॅकेज’ करून घ्यावं असं वाटतं, मलाही वाटलं होतं. मी ते केलं. रिपोर्टमध्ये एफएसएच, म्हणजे बीजांडकोशाला काम करायला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, नॉर्मल आलं आणि मी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या महिन्यात वाफांनी हैराण झाले.

कारण असं की या काळात एफएसएच आणि इस्ट्रोजेन आठवड्या-आठवड्याला बदलतात. एका दिवसाचा आकडा त्या दिवसापुरताच असतो. तुमचं वय ४५ च्या पुढे असेल आणि पाळी व लक्षणं ओळखीची असतील, तर निदानासाठी हार्मोनच्या रक्ततपासणीची गरज नसते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ साली डॉक्टरांसाठी हेच मार्गदर्शन दिलं. तुमची वही हाच पुरावा. लाळेतून हार्मोन मोजणाऱ्या तपासण्यांवर तर खर्च करूच नका, त्यांच्यावरून उपचार ठरवता येत नाहीत.

४५ च्या आत असाल तर गोष्ट वेगळी. मग एफएसएच करतात, एकदा नाही तर ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दोनदा. पाळी येत असेल तर ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा आकडा विश्वासाचा नसतो, म्हणून त्या घेत असल्याचं आधी सांगा. पाळी अचानक बंद झाली किंवा स्तनातून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं हार्मोनही बघतात. मळमळ आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी ते वाढतं.

सर्वसाधारणपणे डॉक्टरांशी बोलून करायच्या तपासण्या म्हणजे रक्ताची संपूर्ण तपासणी, फेरिटिन, टीएसएच, साखर, कोलेस्टेरॉल, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि रक्तदाब. रजोनिवृत्तीच्या सुमारास वाईट कोलेस्टेरॉल वाढायला लागतं, त्यामुळे आत्ताचा आकडा पुढे तुलनेला उपयोगी पडतो. मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी राहिली असेल तर याच निमित्ताने उरकून घ्या.

७. डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यायचं

- तीन महिन्यांची वही, आणि तिचा अर्ध्या पानात काढलेला गोषवारा
- शेवटच्या पाळीची तारीख आणि आधीच्या चार-पाच पाळ्यांच्या तारखा
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, त्यात जीवनसत्त्वं, काढे, केसांच्या गोळ्या, वजन कमी करायच्या पावडरीसुद्धा
- जुने रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले
- ऑपरेशनचे कागद, विशेषतः गर्भपिशवी किंवा बीजांडकोशाचं झालं असेल तर
- घरातला इतिहास: आई, मावशी, बहिणींची पाळी कितव्या वर्षी गेली, कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, मांडीचं हाड मोडणं
- घरी मोजलेला रक्तदाब, यंत्र असेल तर

गोषवारा फार महत्त्वाचा. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो आणि आपण सुरुवात लांबून करतो. मी शेवटी तीन वाक्यं लिहून नेली होती. ‘वय ४७. आठ महिन्यांपासून पाळी २३ ते ५८ दिवसांनी येते आणि पहिले तीन दिवस खूप जाते. सगळ्यात जास्त त्रास झोपेचा आणि सांध्यांचा आहे.’ सगळ्यात जास्त त्रास कशाचा, हे आधी ठरवून जा. उपचार त्यावर ठरतो.

‘या वयात असं होतंच’ एवढंच उत्तर मिळालं तर शांतपणे दोन प्रश्न विचारा. ‘दुसरं कारण नाही हे आपण कसं ठरवलं?’ आणि ‘होत असेल तरी त्यावर काय उपाय आहे?’ याची उत्तरं मिळत नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका. मी घेतलं नसतं तर अजून हाडांच्या डॉक्टरांच्या फेऱ्या मारत असते.

८. उपचारांबद्दल विचारण्याआधी एवढं माहीत असू द्या

हार्मोन उपचार, म्हणजे कमी झालेलं हार्मोन औषधातून देणं, म्हटलं की बहुतेक जणी दचकतात. त्या भीतीचं मूळ २००२ साली आहे. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) एकत्र देण्याचा भाग त्या वर्षी मधेच थांबवला गेला, कारण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पण त्या अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. पुढे वयानुसार पाहिलं तेव्हा चित्र बदललं. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत, त्रास असलेल्या आणि इतर अडचण नसलेल्या बहुतेक स्त्रियांना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, असं आज तज्ज्ञ मानतात. एकत्रित उपचारात स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो आणि उपचार जितकी वर्षं चालतो तितका तो वाढत जातो, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी समोर ठेवून डॉक्टरांशी बोला.

गर्भपिशवी असेल तर फक्त इस्ट्रोजेन चालत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर वाढून कर्करोगाचा धोका होतो. म्हणून मैत्रिणीची गोळी किंवा जेल उसनं घेऊन वापरणं फार धोक्याचं आहे. त्वचेतून दिल्या जाणाऱ्या पट्टीने किंवा जेलने गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, तेव्हा पर्याय विचारा. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल किंवा अंगावरून रक्त जाण्याचं कारण कळलेलं नसेल, तर हे उपचार सहसा देत नाहीत. आणि हे गर्भनिरोधक नाही. माझ्या ओळखीत हा गैरसमज दोघींचा होता.

नुसता योनीमार्गाचा त्रास असेल तर तिथेच लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मिळतं. ते रक्तात फारच थोडं जातं आणि मूत्रमार्गाचे संसर्गही कमी होतात. फक्त कोरडेपणासाठी हार्मोन नसलेले मॉइश्चरायझर आणि संबंधांच्या वेळी वापरायचे ल्युब्रिकंट आहेत.

हार्मोन घ्यायचे नसतील किंवा घेता येत नसतील, तरी वाफांवर इलाज आहे. नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत, गॅबापेंटिन हे मुळात फिट्सवरचं औषध, आणि २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालेलं फेझोलिनेटंट, जे मेंदूतल्या त्या तापमानाच्या जागेवरच काम करतं. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. विचार आणि वागणुकीवर काम करणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत झोप आणि वाफांचा जाच, दोन्हींसाठी उपयोगी पडते. ‘नैसर्गिक हार्मोन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक आणि मात्रा न लिहिलेल्या गोष्टींपासून लांब राहा. नैसर्गिक असणं आणि निर्धोक असणं वेगळं.

जास्त रक्तस्रावासाठी तर कितीतरी मार्ग आहेत, गोळ्यांपासून गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनापर्यंत. पिशवी काढणं हा सहसा पहिला पर्याय नसतो. कुणी पहिल्याच भेटीत तो सुचवला आणि कर्करोगासारखं कारण नसेल, तर आधीचे पर्याय का नाहीत ते विचारा.

९. घरी काय करण्यासारखं आहे

हाडांकडे आत्ताच बघा. पाळी थांबण्याच्या आसपासच्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात आणि दुखत नाहीत, म्हणून कळत नाही. आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचे व्यायाम आणि एकूण १५० मिनिटं झपझप चालणं, एवढं तरी हवं. कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, शक्यतो जेवणातून. पाळी ४५ च्या आत गेली असेल, बरेच महिने स्टेरॉइड घेतले असतील किंवा किरकोळ पडून हाड मोडलं असेल, तर डेक्सा या हाडांच्या तपासणीबद्दल साठीची वाट न बघता विचारा.

रात्री सैल सुती कपडे, खोली गार, उशाशी पाणी. दारू आणि सिगरेटने वाफा वाढतात. लघवी सुटत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करा, फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलेले बरे, कारण नुसतं वाचून बहुतेक जणी चुकीचा स्नायू आवळतात.

घरच्यांना सांगा. मी माझ्या वहीचं एक पान नवऱ्यासमोर ठेवलं. मुलीलाही वाचायला दिलं. तिने विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते.

१०. उपचार सुरू झाल्यावर वही बंद करू नका

कोणताही उपचार सुरू केला की साधारण तीन महिन्यांनी परत दाखवायचं असतं आणि नंतर वर्षातून एकदा. बरं वाटलं म्हणून मनानेच गोळी सोडायची नाही, बरं वाटलं नाही म्हणून मनानेच वाढवायचीही नाही. ‘वाफा दिवसाला नवावरून दोनवर आल्या, सांधे तसेच आहेत’ असं वहीतून सांगता आलं की डॉक्टरांना मात्रा बदलणं सोपं जातं. हार्मोन सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत अधूनमधून रक्त दिसू शकतं. ते सहा महिन्यांनंतरही चालू राहिलं, किंवा थांबून परत आलं, तर तपासून घ्या.

हार्मोनचा उपचार घेत नसाल, तर वहीच्या पहिल्या पानावर शेवटच्या पाळीची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बारा महिने मोजायचे ते तिथून. मधे एकदा जरी पाळी आली तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. माझी गेल्या खेपेला दहाव्या महिन्यात आली. मी जुनी तारीख खोडली, खाली नवी लिहिली, आणि त्या पाळीत गाठी किती पडल्या तेही शेजारी नोंदवलं.